उलटा फ्रिज

फ्रिजच्या मागं हात लावून पाहिलाय कधी?
मांजराला विचारा. तिथंच झोपते ती.
समोरून आपण बर्फ काढतो,
आतली ऊब मागच्या जाळीतून निमूट बाहेर पडते.
परतवाड्यात तीस वर्षं मी ती फुकट घालवली.

आता काम उलटं.
चिखलदऱ्याच्या वर, मुलींचं वसतिगृह,
पौष, पहाटे गवतावर पांढरं.
छतावर काळ्या नळ्या. अंगणाखाली टाकी,
भोवती सोयाबीनचं कुटार पोत्यापोत्यांनी ठासलेलं.
दिवसभर ऊन तिच्यात उतरवलं.

संध्याकाळी बेठेकर बाईंनी बोट बुडवलं.
"भाऊ, हे त कोमट हाये. यात लेकरं न्हातीन कशी?"
म्हटलं, बाई, विहिरीचं पाणी कधी
आपल्या पायानं काठावर येतं का?
ऊन खाली आहे. पुरेसं आहे. फक्त खोल आहे.
ही पेटी म्हणजे मोट.
एक हिस्सा वीज घेते, ओढण्याची मजुरी,
आणि तीन हिस्से दुपार वर आणते.
"अन् आभाळ आलं त?"
आलं तर दोन दिवस निभेल. तिसऱ्या दिवशी
मोट कुरकुरेल, बिल चढेल.
खोटं कशाला बोलू.

रात्री अकराला खटका दाबला.
कॉम्प्रेसर दोनदा खोकला, मग लागला सुरात.
टाकीकडची तांब्याची नळी गार पडत गेली,
माठासारखी. ओळखीचा स्पर्श.
दुसरीवर तळहात टिकेना.
तीच ऊब. फक्त आता तिला जायला घर होतं.

फरशीखाली नळ्या, फरशीवर एकोणचाळीस मुली.
सुगरती नावाची एक, पाचवीतली,
चादरीतून हात काढून जमीन चाचपत बसली.
"कोन झोपलं होतं इथं?"
कोणी नाही, म्हटलं.
"मंग गरम काहून?"

काय सांगणार. दुपार झोपली होती, म्हटलं.
तिला पटलं नाही. तिनं फरशीला कान लावला
आणि तशीच झोपली.

पहाटे न्हाणीतून वाफ, बादल्यांची आदळआपट,
रांगेवरून कोणीतरी भांडतंय.
चुलीजवळ मुलींनी काल जंगलातून आणलेली मोळी
बांधलेलीच.
मी ती पाठीशी घेतली, पाय फरशीवर सोडले
आणि घरी फोन लावला:
मांजराला हाकलू नको.