कांद्याचं व्होल्टेज

फुजैराच्या बंदरामागे,
जहाजांना लागेल ते पुरवणाऱ्या गोदामात मी आले
तेव्हा तक्त्याला दोनशे चौदा रकाने होते.
दोराची जाडी, दिव्याचं व्होल्टेज,
गोठवलेल्या कोंबडीची शेवटची तारीख,
झेंड्याचा देश.
आणि दर ओळीत दोनशेच्या वर रिकामे.
रिकामे म्हणजे शून्य नव्हेत.
कांद्याचं व्होल्टेज आपल्याला ठाऊक नाही
असं नसतं,
ते विचारायचंच नसतं.

हमदुलेचाचा हसले. हर्णैचे,
एकतीस वर्षं याच मांडण्यांमध्ये.
"पोरी, तुझा तक्ता मुलगी बघायला आल्यागत
सगळ्यांना तेच तेच विचारतो."

मी रकाने मोडले. ठेवले तीनच:
वस्तू, गुण, मोल.
आडवा पसारा उभा झाला.
दोर, जाडी, चोवीस मिलिमीटर.
दोर, पीळ, उजवा.
कांदा, गोणी, फाटकी.
नवं काही आलं तर भिंत पाडायला नको,
खाली एक ओळ लिहायची.

फुकट काही मिळालं नाही.
एक दोर पुरता पाहायचा
तर अकरा ओळी हुडकून गाठ मारायची,
आणि जोबीने एकदा
वजनाच्या जागी लिहिलं: ओलं.
यंत्राने मुकाट घेतलं.

रात्री दोनला मी नियम लिहीत बसले,
वजन म्हणजे आकडाच.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
लांब नांगरलेल्या टँकरांचे दिवे
जागचे हलत नव्हते.
सकाळी चाचा म्हणाले, पण ओला होताच ना तो?
भिजला दोर कोरड्याच्या भावाने विकायचा नाही.
मग "ओलं"ला मी
त्याचा स्वतःचा गुण दिला.

चाचा जूनमध्ये गेले. व्हिसा संपला.
जायच्या अर्जावर त्यांनाही ठरलेले नऊ रकाने,
हुद्द्यापुढे कुणीतरी टाकलं: हेल्पर.

परवा गुणांची यादी साफ करताना
एकदाच वापरलेला एक सापडला.
वस्तू नऊ हजार एकशे सात,
लोखंडी पेटी, हिरवी.
गुण: कोणासाठी थांबलीय.
मोल: ऑइलर रेनाटो, येतो म्हणाला.

कुठलाच अहवाल ती ओळ मागत नाही.
एकदाच वापरलेले गुण पुसायचे,
हा नियमही माझाच.
त्यात एक अपवाद घातला
आणि शेवटच्या मांडणीपाशी जाऊन आले.
पेटीला कुलूप नव्हतं.
वजन करायला उचलली,
उघडली नाही.