पाच टक्के

विश्रामबागेत, फाटकाच्या अलीकडं,
त्या चार मजली इमारतीच्या भिंतीत
माझे एकोणीस हजार सहाशे आहेत.

पुरलेले न्हाईत ओ.
बिलातनं पाच टक्के कापून ठेवले,
वर्षात भेग नाही गेली तर परत.
बिलावर नाव : सिकंदर शिकलगार, गिलावा, लेबर रेट.
वर एक टक्का टॅक्स. तो कुठं जमा झाला
ते मेव्हण्यानं मोबाईलवर शोधून दिलं.

लेबर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या,
नव्वद दिवसांचा दाखला आणा, मालकाच्या सहीचा,
पोरीला स्कॉलरशिप बसेल.
कुरणेसाहेब हसले. वाईट नव्हते हसले.
"तू कामगार कुठला लेका? तू ठेकेदार.
मी तुला कामाला ठेवलंय का?"
मग सकाळी आठला फोन कुणाचा येतो,
जिना सोड, आज डक्ट घे, असं कोण सांगतं,
हे मी विचारलं नाही.
बिल निघायचं होतं.

बँकेत विचारलं, पगाराची स्लिप?
नाही? मग दुकान कुठाय, बोर्ड कुठाय?
थापी, रंधा, ओळंबा,
फटफटीला आडवी बांधलेली पट्टी.
वळताना लोक शिव्या घालतात,
तेवढाच आमचा बोर्ड.

हाताखाली पाच जण, तिघं जतकडचे.
बिल कधीही निघो, शनिवार शनिवारीच येतो.
मागच्या खेपेला शमशादनं भिशी उचलली,
घाट्यात, दुसऱ्याच बोलीला.
बसाप्पा मला मालक म्हणतो.
त्याच्या नव्वद दिवसांच्या कागदावर
सही मीच केली, 'ठेकेदार' या शब्दाखाली.
त्याला पेटी आली. आत पिवळी टोपी.
मापाची नाही, तरी जेवतानासुद्धा घालून बसतो.

काल त्या इमारतीत गेलो.
तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी दिलं.
मी हॉलच्या भिंतीवर बोटाची पेरं वाजवत गेलो,
खिडकीखाली, बीमच्या सांध्याला, स्विचबोर्डाभोवती.
कुठं पोकळ नाही. भेग नाही.
अकरा महिने झालेत.

काकू म्हणाल्या, आलाच आहात तर
घड्याळाला एवढा खिळा ठोकून द्या की.
हातोडी त्यांनीच आणली.

मी जागा बघितली.
दुसरी बघितली.
मग ठोकला,
जरा हळू.