उजव्या बाजूचा डोळा

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून वर चढताना
डाव्या हाताला, बर्फाच्या फॅक्टरीमागे
एक निळा बोर्ड : 'लिन मास्तर स्मृती संग्रहालय व उद्यान'.
खाली वेळ लिहिलेली, ती खरी नाही.
किल्ली जेसिंताकडे असते
आणि जेसिंता बाजारात गेलेली असते.

आम्ही उद्यानात थांबलो.
उद्यान म्हणजे चिऱ्याच्या गडग्यात पाऊण गुंठा,
चीनवरून आलेला म्हणतात तो बांबू
(जेसिंता नंतर म्हणाली, कुडाळच्या नर्सरीतला),
एक सुरंगी, सिमेंटचं बाक,
अर्ध्या चंद्राचं तळं. पाणी नाही. बेडूक एक.
बाबांनी काळा चष्मा काढला नाही,
मोतीबिंदू काढून बारा दिवस झालेले.
"हो चिनी परत कशाक गेलो नाय?"
त्यांनी मला विचारलं,
जसं काही मीच त्याला ठेवून घेतला होता.

फलकावर एवढंच :
जन्म माहीत नाही. गाव समुद्राकाठचं.
जहाजावर सुतार होता, तापाने फणफणला,
कप्तानाने इथे उतरवला आणि जहाज फिरकलं नाही.
मतदार यादीत लिनूचं लिनू राहिलं.
पोरांना चित्रं शिकवायचा म्हणून मास्तर;
पगार कुणी दिला नाही, बांगडे दिले.

पहिल्या खोलीत त्याचे ब्रश, शेळीच्या केसांचे,
शाई घासायचा दगड,
जो आधी कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली सहाण होता.
भिंतीवर मोठा कागद : कोपऱ्यात एक होडी,
भाताच्या शिताएवढी.
बाकी सगळं कोरं.
बाबा जवळ गेले, लांब गेले.
"रंग संपलो काय रे मास्तरा?"
"तो दर्या आहे, काका," जेसिंता म्हणाली.
चाळीस वर्षं दर्यात गेलेला माणूस
काही वेळ बोलला नाही.
"धुक्यात असोच दिसता. पण वारो खंयचो?"
मग शिडाकडे बघून स्वतःच : "मतलय."

दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत
आईनाच्या फळीचा तुकडा, हातभर.
त्यावर डोळा. पांढरा, काळा, भोवती शेंदराची कड.
त्याच्या मुलखात होड्यांना डोळे काढत म्हणे,
नाहीतर वाट कशी दिसणार.
तांडेल आधी हसले,
मग एकेक करून सगळ्यांनी काढून घेतले,
नारळ फोडून.
खाली चिठ्ठी : 'होडीचा अवशेष. मालक अज्ञात.'

बाबांनी चष्मा काढला.
डॉक्टरने सांगितलं होतं, काढू नका.
पेटीवर वाकले, श्वासाने काच धुकटली,
बाहीने पुसली, पुन्हा धुकटली.
"ही खाच बघ. बापाशीच्या नांगराची.
ही आमची सातेरी."
आणि बऱ्याच वेळाने, काचेलाच :
"मी खाली बसान रंगाचो डबो धरलेलो.
माका तेचे पायच आठवतत. चपल्या नाय.
होडी मोडली तेव्हा आये लाकूड चुलीत घालीना.
मगे घातल्यान."

जेसिंताने पेन आणलं,
'अज्ञात'वर टेकवलं, उचललं.
कमिटीला विचारावं लागेल म्हणाली.
कमिटीत तिघं : एक ठाण्याला, एक वारलेला,
तिसरी ती.

अभिप्रायाच्या वहीत
आधीच्या पानावर कुणी 'छान' लिहिलेलं, कुणी 'पंखा नाही'.
बाबांनी शाळेतल्यासारखं ओठ मिटून लिहिलं :
डावा डोळा पाहिला.
उजवा कुणाकडे असल्यास कळवावे.
धाकू सोमा गिरप, उभादांडा.
फोन नंबर लिहिताना एक आकडा राहिला,
मी सांगितला नाही.

उतरताना चष्मा त्यांच्या खिशात होता.
खाली बंदरावर फायबरच्या होड्या,
नंबर ठसठशीत रंगवलेले,
डोळा एकीलाही नाही.
कपाळाशी आडवा तळहात धरून
ते एकेकीची उजवी बाजू बघत राहिले,
आणि आमची साडेपाचची गाडी गेली.