पान सात, खालचा कोपरा

अकराच्या बसनं गठ्ठा येतो आष्टीहून,
कधी टपावर, कधी ड्रायव्हरच्या पायापाशी,
सुतळीचा वळ पहिल्या पानावर उमटलेला.
बेचाळीस अंक. त्यातला एक खोगेन मिस्त्रीचा.
त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही,
वाचून मीच दाखवतो,
आणि तो महिन्याचे पैसे पूर्ण मोजतो.

बाकी काही विचारत नाही.
धानाचा भाव नाही, सोन्याचा नाही.
जाळं विणायची सुई कानावर अडकवून बसतो, म्हणतो,
"पाह्य गा मुखरू, तिकडचं काई आलं का?"

तिकडचं असतं पान सातवर, खालच्या कोपऱ्यात,
मूळव्याधीच्या जाहिरातीला खेटून.
जमाव. टायर. काठ्या.
सीमेवर पकडले एवढे.
क्रिकेटमध्ये लोळवलं की मात्र पान एक,
आणि मथळ्यात शेपूट, नांगी, डरकाळी,
सगळं जनावरांचंच.
अकरा वर्षं मी हा देश घरोघरी टाकतो आहे,
त्यात अजून एकही माणूस
जेवायला बसलेला पाहिला नाही.

खोगेन निघाला तेव्हा नऊ वर्षांचा होता.
घर कुणी जाळलं, त्यांची नावं त्याला पाठ आहेत.
रात्री होडी कुणी दिली,
आवाज होऊ नये म्हणून वल्ह्याला
आपलं लुगडं फाडून कुणी गुंडाळलं,
त्यांचीही पाठ आहेत.
सगळी एकाच घाटावरची माणसं.
पेपरात पहिल्यांनाच जागा होते.

"नदीचं काई?" तो विचारतो.
त्याच्या नदीचं नाव कीर्तनखोला.
मला आधी वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.
नदीच्या नावात कीर्तन,
आणि बातमीत नुसता दंगा!

एका श्रावणात दिना नदी पुलावरून गेली,
चार दिवस बस नाही.
खोगेन मात्र आला, बसला.
मी जुनाच अंक उघडला आणि मनानं वाचायला लागलो:
कीर्तनखोला काल हातभर चढली.
शाळा लवकर सोडल्या.
एका बाईची शेळी वाहून गेली होती, ती सापडली.
बाजारात इलिश महाग, तरी लोकांनी घेतलाच.

खोगेन ऐकत राहिला, सुई थांबवून.
"शेळीचं खोटं आहे," म्हणाला.
थोड्या वेळानं,
"शेळी सापडल्याचं कोणी छापत नाही."
आणि अजून थोड्या वेळानं,
"वाच ना. थांबला काहून?"

पुण्याहून भाच्याचा फोन येतो.
"मामा, तिकडं ठीक आहे ना? पेपरात वाचलं."
काय वाचलं, ते मी विचारत नाही.
त्यांच्या पानावर आमचा जिल्हाही तेवढाच:
स्फोट, कुपोषण,
वाघानं ओढून नेलेली बाई.
माझ्या पोरीच्या लग्नात डीजे बंद पडला
आणि सगळा गाव ताटं बडवत
पहाटेपर्यंत नाचला,
हे तिथं कोणाला माहीत नाही.
भाचा म्हणतो, जपून राहा.
मी म्हणतो, तूही.
त्याला वाटतं, मामाला नीट ऐकू येत नाही.

वाचून झालेले अंक शेफाली नेते, खोगेनची बायको.
शनिवारच्या बाजारात ती मासे तळते.
काल मला चार तुकड्यांचा पुडा दिला.
तेल पसरत गेलं, कागद आरपार झाला,
आणि पान सातच्या त्या जमावातून
मागच्या पान आठवरचं आमचं जंगल
उलट्या अक्षरांत दिसायला लागलं.
त्यांच्या धुरात आमचा वाघ.
आमच्या मेलेल्यांच्या आकड्यावर
त्यांच्यातल्या एकाचा उगारलेला हात.
तो हात मारायला उठलाय की कोणाला हाक मारतोय,
पुडा वर धरून, खाली धरून पाहिलं,
कळेना.

काटा काढला. खाल्लं.
मीठ थोडं जास्त झालं होतं, तसं तिला सांगितलं.
झाऱ्यावरचं तेल निथळवत ती म्हणाली,
"मग छाप पेपरात."