चार ओळी

दहाला दप्तरखान्याचं कुलूप निघतं.
गेनूभाऊ तंबाखू मळतात, चुना पुसतात,
मग रुमाल आणून माझ्या टेबलावर ठेवतात.
मोडी वाचायची, नोंद करायची, ह्याचा मला पगार.
आज मात्र रुमालाखाली दुसरंच काम दडवलंय:
भाच्यानं व्हर्जिनियातून पाठवलेला
सोळाशे बासष्टचा एक कायदा.
"मावशी, चारच ओळी आहेत. मराठीत करून दे."

आधीचं त्यानं फोनवर सांगितलं.
सुरुवातीला म्हणे काही पक्कं नव्हतं.
गोरे, काळे, एकाच रानात तंबाखू खुडत होते,
काहींचा करार होता,
काहींचं कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं.
एकदा तिघे पळाले. धरून आणले.
दोघांना चार-चार वर्षं वाढवली,
तिसऱ्याला जन्मभर.
गुन्हा एकच होता.
तिसरा काळा होता.

मग ह्या चार ओळी:
आई बांधलेली, तर पोर बांधलेलं.
बाप कोण, हे विचारायचं नाही.
(बाप बहुधा हिशेबाची वही लिहीत बसलेला.)

पहिल्याच शब्दाला अडले.
गुलाम? तो पत्त्यांतला,
मे महिन्याच्या दुपारी आम्ही त्याला राणीनं मारायचो.
दास? तो देवाचा, आपखुशीचा.
सेवक तर अर्जाच्या तळाशी सही करतो.

हात रिकामा नको म्हणून रुमाल सोडला.
शनिवारातल्या कुणा सावकाराची यादी:
म्हैस, तांब्याचं घंगाळ, आणि
"कुणबीण १, नावे मैनी, उमर वर्षे वीस,
रुपये पस्तीस.
सोबत थानचे पोर १."
पोराची वेगळी किंमत लावलेली नाही.

बटकीचा.
लहानपणी बोळात भांडण पेटलं की
मी हा शब्द फेकायचे, दगडासारखा,
अर्थ ठाऊक नसताना.
आई म्हणायची, चूळ भर आधी.
तिकडे सभा भरवून कायदा करावा लागला.
आमच्याकडे शिवीनं भागलं.

गेनूभाऊंनी विचारलं, आज गप्प का बाई?
वाचून दाखवलं.
त्यांचा अंगठा तळहातावर थांबला.
"मग त्या पोराचं काय झालं?"
कागद तिथं वाळवीनं खाल्लाय.
भाच्याच्या चार ओळी कोऱ्याच आहेत अजून.

पुढचा रुमाल आणा, मी म्हटलं.