पाच नंबरचा पाय

मे महिना, दुपारचे बारा.
मेडिकलच्या मागच्या गेटासमोर माझ्या दुकानात
गेडामांची शलाका शिरली
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून.
वाटलं, मांजराचं पिल्लू.
उलगडलं तर बूट.
बुटांखाली पाती.

"बर्फावरच्या हॉकीचे आहेत, काका.
चंदीगडच्या एका पोरीनं वापरून दिले.
तिचा सहा नंबर. माझा पाच."

मी निनावे. तीस वर्षं बुटातले तळवे करतो,
साखरेनं बधिर झालेल्या पायांसाठी,
एक पाय आखूड असलेल्या पोरांसाठी.
बर्फ पाहिलाय तो रसवंतीत,
भुशात झोपवलेली लादी, वर ओलं पोतं.
त्यावर माणसं पळतात,
पळता पळता एकमेकांना धडकतातसुद्धा,
हे त्या दिवशी कळलं.

"शिकली कुठं गं तू?"
"चाकांवर. अंबाझरीच्या रस्त्यानं, पहाटे पाचला.
बर्फावर म्हणाल तर एकूण अकरा दिवस.
डिसेंबरात काझाला जाऊन राहिली."

म्हटलं, आधी पाय बघू.
बादलीत बुडव, फरशीवर उभी राहा, हो बाजूला.
चष्मा सापडेस्तोवर ठसा सुकला.
पुन्हा. पुन्हा सुकला.
तिसऱ्यांदा खडू घेऊन गुडघ्यांवरच बसलो.
पाणी पळतंय, मी मागून रेघ ओढतोय,
टाच, बाहेरची कड, करंगळी...
आतली कमान आलीच नाही.
"पोळी लाटल्यावानी आहे नं," म्हणाली,
आणि आपलीच हसली.

तिला जाड फोम आवडला होता.
अंगठ्यानं दाबून दाबून बघत होती,
लग्नातली गादी बघावी तशी.
मी म्हटलं, गादीवर झोपायचं असतं.
माझा बाप इतवारीत हातमागावर होता,
खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायचा, अनवाणी.
धागा तुटला की डोळ्यांआधी
त्याच्या अंगठ्याला कळायचं.
पातं काय म्हणतं ते तळव्याला ऐकू यायला नको?
शिवाय जाड घातलं की टाच उचलते,
घोटा आपली खोबण सोडतो,
मग नाडी आवळ कितीही.

"मग दोन मोजे घालते."
"दोन मोज्यांत पाय मोज्यावरच घसरेल, बाप्पा.
बर्फाचं काम बर्फाला करू दे."

जेलचाही एक होता, निळा, महाग.
थंडीत त्याचं काय होतं मला माहीत नाही.
म्हणून नको.
राहिला कॉर्क. पातळ. टाचेशी खोल वाटी,
कमानीला आधार, पण हट्ट नाही.
भट्टी पेटवली.
बाहेर शेहेचाळीस, आत शंभरावर,
आणि आम्ही दोघं घाम पुसत
बोटं गारठण्याबद्दल बोलत होतो.

ताठ उभी नको राहू, म्हटलं, खेळतेस तशी वाक.
ती वाकली.
हातात नसलेली काठी धरली,
नजर दुकानाच्या शटरपाशी कुठंतरी गेली,
आणि पाय बदलला.
पसरला, पुढं भार आला,
बोटांनी कॉर्क धरून ठेवला.
असा पाय मी कधी मापला नव्हता.
माझ्याकडे येणारे पाय
बहुतेक उभं राहता यावं एवढंच मागतात.

पैसे विचारले तिनं. म्हटलं, खेळून ये.
तरी दोनशेची नोट खडूच्या डब्याखाली ठेवून गेली.

डिसेंबरात फोन आला. रेंज तुटत होती.
"डावा मस्त आहे, काका. उजव्यात
अंगठ्यामागं टोचतं. अन् बोटं तर
आहेत का नाहीत तेच कळत नाही."
बधिर पाय मला ठाऊक आहेत, हा वेगळा.
"जिंकल्या का?"
"हारलो. सात-एक."
एक कुणाचा, ते विचारायच्या आत फोन गेला.

परवा दुकान धुतलं.
जानेवारीची गार फरशी, चपला काढलेल्या.
मागं वळून पाहिलं तर माझे ओले ठसे
जागच्या जागी, कितीतरी वेळ.
सपाट.
तीस वर्षांत बघितले नव्हते.

उजव्याचा नवा कापून ठेवलाय.
अंगठ्यामागं दोन मिलिमीटर कमी.