पऱ्हाट्यांचं तिकीट

शनिवारी दुपारी दवाखान्यातली पाळी संपली
की मी रावेरच्या फलाटावर उभी असते.
एका हातात वांग्यांची पिशवी,
दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेली पऱ्हाट्यांची मोळी.
लोक बघतात.
टीसी बघतो, "सिस्टर, हे काय, होळी?"
मी म्हणते, भरीत.
तो बामणोदचा आहे,
पुढं काही विचारत नाही.

केळीच्या बागा खिडकीला लागून धावतात
आणि त्या बागांतच कुठंतरी
महाराष्ट्र संपतो.
नेमका कुठं, ते केळीला माहीत नाही.
फोनला असायचं.
एक बाग बाकी असतानाच तो टुण्ण वाजायचा,
मध्य प्रदेशात आपलं स्वागत आहे,
तेव्हा रोमिंगचे पैसे कटायचे,
मी घाईघाईनं बटण दाबून तो बंद करायचे
आणि बऱ्हाणपूरला उतरायचे
पासपोर्ट विसरून आल्यासारखी.

कोकिळा पुलाखाली उभी.
सहा महिन्यांसाठी आली होती ती इथं,
लूमच्या कारखान्यात हिशेब लिहायला,
नवऱ्यानं फैजपूरचं घर दुसरीला दिलं त्या वर्षी.
नऊ वर्षं झाली.
आधी म्हणायची, "आली का वं?"
मग काही दिवस, "आ गई?"
आता म्हणते, "आ गई का वं?"
व्याकरणात बसत नाही,
पण दारात बसतं.

पैसे ती हिंदीत मोजते.
माणूस मोजतो ती त्याची भाषा, म्हणतात.
असेल.
गेल्या श्रावणात एकशे तीन ताप होता,
थर्मामीटर माझ्या हातात होतं,
कण्हत होती ती कुठल्या भाषेत
ते मी ऐकलंय.

तिसऱ्या मजल्यावरची गच्ची.
खाली लूम खटखटतात,
तांब्यातलं पाणी सारखं शहारत असतं.
आम्ही पऱ्हाट्या पेटवतो.
शेजारच्या खैरुन्निसाबी कठड्यावरून वाटी पुढं करतात,
"आपका भरता हो गया?"
"भरता नाही, भरीत," आम्ही दोघी एकदम.
एवढ्या एकाच गोष्टीवर
आम्ही कुणाची चूक काढतो.
मिरच्या जास्त घाल, म्हणतात त्या. घालतो.

रात्री फैजपूरचा विषय नाही.
तिची दाढ, माझ्या वॉर्डातली बाळंतीण,
रजिस्टरातला चुकलेला एक रुपया, तो कुठं गेला असेल.
आणि तापी,
जी इथून खाली आपल्याकडं जाते.
"म्हणजे मी इथं पाय धुते
ते पाणी तू पितेस," ती म्हणते.
आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, मी सांगते.
"राहू दे ना वं," ती म्हणते, "पीत जा."

मागच्या शनिवारी पुलाखाली ती नव्हती.
महिनाअखेर, मालकानं थांबवलेलं.
मोळी खांद्यावर घेऊन मी एकटीच निघाले.
चौकात एका म्हाताऱ्यानं अडवलं,
"बेटी, बस अड्डा किधर?"
सीधे, फिर मस्जिद से बाएँ,
दूधवाले के आगे मत जाना.
आणि चार पावलं पुढं गेल्यावर
मीच मागं वळून बघितलं
हे कोण बोललं म्हणून.

किल्ली निवडुंगाच्या डब्याखाली.
विस्तव मी एकटीनं केला.
ती आली ती जिन्यातूनच विचारत,
"जळलं का वं? मला खालपर्यंत वास आला."
जळलं होतं थोडं.
खाल्लं.

रविवारी संध्याकाळी खिडकीवर पाचाची नाणी सरकवली,
"रावेर, एक."
दरवेळी रावेरलाच दोन्हीकडचं काढते मी,
या खेपेला राहून गेलं होतं.
"वापसी भी?" आतला माणूस.
मागं रांग होती.
गाडी घोषणेत आली होती.
"हां," म्हटलं, "वापसी भी."

तिकीट ठेवायला पर्स उघडली,
तर आत सुतळी,
मोळीची,
गाठ न सोडता काढलेली.